पोराला आमची लाज वाटते का?

ऊसतोडीला जाणाऱ्या एका वडिलांचा हा प्रश्न. मुलगा बीड जिल्ह्यातून पुण्याला इंजिनिअरिंगला आलेला. मित्र जवळ असले की घरचा फोन कापतो. ‘जायलोय’ म्हणणारा आता ‘जातोय’ म्हणतो. आईबाप कारखान्यावर असतात हे कुणाला कळू देत नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलाशी बोलल्यावर कळलं, त्याचा आईबापावर राग नव्हता, लोकांचा धसका होता. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाच्या उत्तरावर वर्गात कुणीतरी हसलं होतं. मग बरोबरीला राहायचं म्हणून मेसच्या पैशांचे बूट घेतले आणि रात्री वडापाववर काढल्या. खिसा रिकामा झाला की ‘पैसे नाहीत’ एवढंच न वाटता ‘मीच कमी आहे’ असं वाटायचं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी साधारण १२ ते १८ हे वय ‘मी कोण’ हे ठरण्याचं मानलं. पण दर हंगामात शाळा तुटणाऱ्या मुलाला या विचारासाठी निवांतपणा मिळतो तो थेट कॉलेजात, आणि तिथं हातात येते दुसऱ्यांची फूटपट्टी.

कागदावर दोन रकाने केले: काय नाही आणि घरातून काय आलं. पैसा, इंग्रजी, ओळखी असा पहिला रकाना लगेच भरला. दुसऱ्यात ‘मेहनत, संस्कार’ असले भाषणातले शब्द चालणार नव्हते, केलेलं नेमकं काम लिहायचं होतं. बऱ्याच वेळानं निघालं: सातवीपासून टोळीचा हिशेब हाच ठेवायचा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. प्रत्येक कोयत्याच्या वजनाच्या पावत्या जुळवायच्या, टनाला दरानं गुणायचं, उचल (आधीच घेतलेले पैसे) वजा करायची आणि मुकादमाचा आकडा चुकला तर बोट ठेवून दाखवायचा. मोठी माणसं त्याचं ऐकायची. हे आपल्याला ‘येतं’ असं त्यानं कधी धरलंच नव्हतं.

मग सांगण्याची तयारी. आधी एकच भरवशाचा मित्र आणि एकच वाक्य: ‘आईवडील ऊसतोडीला जातात, हंगाम संपेपर्यंत कारखान्यावर असतात.’ पुढं सारवासारव करायची नाही. हे मोठ्यानं म्हणून घेतलं, समोरचा हसला तर काय, तेही. कुणाला आणि कधी सांगायचं हे मात्र त्याचं त्यानं ठरवायचं. काही शिक्षक कौतुकानं अशा मुलांना स्टेजवर ‘संघर्षकथा’ सांगायला उभं करतात. ते करू नये. मनाची तयारी नसलेलं मूल त्यानंतर सगळ्यांसाठी फक्त ‘गरिबाचं पोर’ उरतं.

वडिलांना सांगितलं: ‘लाज वाटते का?’ असं विचारू नका. ‘तुझ्यासाठी हाडं झिजवतोय’ हे तर नकोच. त्यानं मुलगा स्वतःला देणेकरी समजतो आणि अडचण लपवतो. फोनची वेळ त्याला ठरवू द्या. महिन्याला किती पाठवता येईल तो आकडा स्पष्ट सांगा. बोली बदलली म्हणून टोचून बोलू नका, घरी आला की ती आपसूक परत येते.

झोप, जेवण, वर्ग सलग दोन आठवडे बिघडले तर तज्ज्ञाला दाखवा. ‘जगून काय उपयोग’ असं एकदा जरी बोलला, तरी त्याच दिवशी टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा. सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.