आधी नमुना, मग सुई

प्रश्न: आमच्या डुकरांच्या माद्या खाऊनपिऊन धडधाकट आहेत. तरी दोन गाभडल्या, तिसरीची निम्मी पिल्लं काळी, सुकलेली निघाली. औषधविक्रेता म्हणतो, सगळ्या कळपाला अँटिबायोटिकचा दुप्पट डोस द्या आणि लगेच लस टोचा. करावं का?

उत्तर: करू नका. हे विषाणूचं काम असेल तर अँटिबायोटिक त्यावर चालतच नाही, मग एकपट काय आणि दुप्पट काय. ताप उतरवणारं इंजेक्शन तर जास्तच घात करतं. डुक्कर खायला लागतं, तुम्ही निर्धास्त होता आणि विषाणू शेजारच्या कप्प्यात पोचतो. घाईची लस वेगळाच गोंधळ घालते. अँटिबॉडी म्हणजे शरीरानं रोगाविरुद्ध तयार केलेली प्रथिनं. त्या शोधणाऱ्या साध्या एलायझा तपासणीत लशीच्या अँटिबॉडी आणि लागणीच्या अँटिबॉडी वेगळ्या ओळखता येत नाहीत. पीआरआरएस, म्हणजे माद्या गाभडवणारा आणि डुकरांचा श्वास बिघडवणारा विषाणूजन्य आजार, त्याची जिवंत लस तर काही आठवडे पीसीआरमध्येही, म्हणजे विषाणूचाच अंश शोधणाऱ्या तपासणीतही दिसू शकते. टोचून झाल्यावर नमुना घेऊन आलात, तर मी काय वाचायचं?

गाभडलेले गर्भ आणि सुकलेली पिल्लं पुरू नका, फेकू नका. पिशवीत बांधून बर्फावर ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. पीआरआरएस, पार्व्हो, औजेस्की, स्वाइन फिव्हर (क्लासिकल, आफ्रिकन नव्हे), डुकरांचे हे सगळे विषाणूजन्य आजार अशाच लक्षणांनी दिसतात. नुसतं पाहून मलाही सांगता येत नाही, दुकानात बसलेल्याला कुठून कळणार?

प्रश्न: रक्ततपासणी निगेटिव्ह आली, तरी पिल्लं खुरटतात, मरतात.

उत्तर: तपासणी कशाची केली? बहुतेक अँटिबॉडीची. मादीला गाभणपणाच्या मधल्या काळात, साधारण 50 ते 70 दिवसांच्या सुमारास स्वाइन फिव्हर झाला, तर पोटातली पिल्लं त्या विषाणूला परका मानतच नाहीत. जन्मतात चांगली, अँटिबॉडी करत नाहीत आणि महिनोन् महिने विषाणू बाहेर टाकत राहतात. त्यांचा अँटिबॉडीचा अहवाल स्वच्छच येणार. त्यांना पकडायचं तर ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या नळीत रक्त घेऊन पीसीआर करावा लागतो. हेपरिनची नळीही रक्त गोठू देत नाही, पण ती नको, पीसीआर बिघडतो. विकत आणलेली देखणी पिल्लं आणि मागोमाग जुन्या कळपात मर, हे मी कित्येक शेडांत पाहिलंय.

उलटंही होतं. सहा-आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लात दिसणाऱ्या अँटिबॉडी आईच्या चिकातून आलेल्या असू शकतात. आणि लागण ताजी असेल तर अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. त्याच डुकरांचं रक्त दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या, दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न: एवढी डुकरं पकडून रक्त काढणं जमत नाही.

उत्तर: मग दोर टांगा, रक्ताऐवजी लाळ तपासता येते. माझा सगळ्यात जास्त भर यावरच आहे. सुती दोर, नायलॉन अजिबात नको. कप्प्यात डुकराच्या खांद्याच्या उंचीवर बांधा. वीस-तीस मिनिटं डुकरं तो चघळतात. मग ओलं टोक स्वच्छ पिशवीत घालून पिळा, लाळ नळीत ओता, थंड पेटीत ठेवा आणि 24 तासांत पाठवा. सुमारे 25 डुकरांना एक दोर, प्रत्येक कप्प्याला नवा. लहान पिल्लं पहिल्या दिवशी बिचकतात, एक दिवस सवयीला द्या. तापानं पडलेलं डुक्कर दोर चघळत नाही, त्याचं रक्तच काढा. हे सगळं लस टोचण्याआधी. पुन्हा सांगतो, आधी.

रक्तच काढायचं ठरलं तर तीन-चार नमुन्यांत काही सापडत नाही. मोठ्या कळपात दहा टक्के डुकरांना लागण असेल, तर निदान एक तरी हाती लागायला 30 नमुने लागतात, आणि तेही शंभरातल्या 95 वेळा. लागण पाच टक्केच असेल तर 60. नुसती धडधाकट डुकरं निवडून आणू नका, खुरटलेलीही आणा.

सरकारी भरपाईचं थोडक्यात: ती साधारणपणे सरकारी आदेशानं मारलेल्या डुकरांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून मर सुरू होताच कळवा. अर्ज, कागद नंतर बघू.

नवी डुकरं 30 दिवस वेगळी ठेवा आणि कळपात मिसळण्याआधी त्यांच्याही दोराची लाळ पाठवा. नर आणलात तर रक्त तपासाच, पीआरआरएस वीर्यातूनही जातो. नमुन्याच्या चिठ्ठीवर वय, शेवटची लस कोणती आणि कोणत्या तारखेला, हे लिहा. ते नसेल तर अहवालाचा अर्थ लावता येत नाही आणि नमुना परत मागवावा लागतो.