आयएमएच्या साध्या सदस्याला संघटनेच्या निर्णयांत खरोखर काही स्थान असते का?

एमबीबीएस होताच आयएमएचे, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेचे, आजीव सदस्यत्व घेतले, पण सगळे दिल्लीत ठरत असेल तर वर्गणी भरण्यापलीकडे आपला उपयोग काय, असा तुमचा प्रश्न आहे. मी तालुक्याच्या गावी तेवीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो आणि त्यांतली दोन वर्षे स्थानिक शाखेचा सचिव होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

इंडियन मेडिकल असोसिएशनची स्थापना १९२८ साली कलकत्त्यात झाली आणि तिचे मुख्यालय आज दिल्लीत आहे. सदस्य मात्र आपण सहसा स्थानिक शाखेमार्फतच होतो. वर्गणीचे वाटे शाखा, राज्य आणि मुख्यालय असे पडतात, आणि वरच्या परिषदांवर शाखेचे किती प्रतिनिधी जायचे हे शाखेच्या सदस्यसंख्येवर अवलंबून असते. त्यामुळे सदस्यांची यादी नीट करून वेळेत वर पाठवणे, हे सचिवाचे सर्वांत कंटाळवाणे काम शाखेची ताकद ठरवते. अध्यक्षांच्या भाषणाने ती ठरत नाही.

आमच्याकडचे एक उदाहरण सांगतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने माखलेला कचरा प्रक्रियेविना ४८ तासांहून अधिक काळ ठेवता येत नाही. आमच्या गावात कचरा नेणारी गाडी पाच-सहा दिवसांनी यायची, बिल मात्र एक तारखेला हजर. सभेत चहाबरोबर याची कुरकूर वर्षभर चालली होती. शाखेत नव्याने आलेल्या एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर मॅडमनी, ज्यांच्याकडे कोणतेही पद नव्हते, सत्तावीस दवाखान्यांत एकेक वही ठेवली आणि गाडी आली त्या दिवशी कंपाउंडरने तारीख लिहून ड्रायव्हरची सही घ्यायची, एवढेच सांगितले. दोन महिन्यांनी त्या सर्व तारखा एका पानावर मांडून त्यांनी तो कागद सभेत ठेवला. मग ठराव झाला, तो इतिवृत्तात आला, कागदासह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात गेला आणि त्याची प्रत राज्य शाखेला गेली. या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या आता एक दिवसाआड उचलल्या जातात. त्याआधी तोंडी तक्रारी मीच सचिव म्हणून कितीदा केल्या होत्या, हे सांगायला थोडा संकोच वाटतो.

निवासी डॉक्टरांच्या बाबतीतही हेच दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका निवासी महिला डॉक्टरवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली, त्यानंतर आधी रस्त्यावर उतरले ते निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी. आयएमएने १७ ऑगस्टपासून २४ तास तातडीच्या सेवा वगळता देशभर काम बंद ठेवले ते त्यानंतर. सलग ३६ तासांची ड्यूटी आणि विश्रांतीसाठी सुरक्षित जागेचा अभाव हे मुद्दे संघटनेच्या मागण्यांत आले. माझ्यासारखे ज्येष्ठ ड्यूटी रूमचे हाल केव्हाच विसरलेले असतात; ते आज भोगणाऱ्यानेच सांगावे लागतात.

निवडणुकांत गटबाजी असते, अध्यक्ष दरवर्षी बदलतात आणि प्रत्येकाची नवी घोषणा असते, हे मी नाकारत नाही. आमच्या सभेत गणपूर्तीही पुष्कळदा जेवणाच्या वेळीच होते. तरीही पुढच्या सभेच्या आठ दिवस आधी तुमचा विषय सचिवांना लेखी द्या, तो विषयपत्रिकेत घेण्याची विनंती करा, आणि त्यानंतरच्या सभेत मागील इतिवृत्त वाचले जाईल तेव्हा तो त्यात नोंदला गेला आहे का, हे नीट ऐका.