शनिवारवाड्यात रात्री खरंच 'काका, मला वाचवा' ऐकू येतं का? मुलांना घेऊन जावं का?

मुलांना जरूर घेऊन जा. तुम्ही विचारलंय की पौर्णिमेच्या रात्री आवाज येतो हे खरं का, आणि कुणी स्वतः ऐकलाय का. मी पुण्यातच वाढलो, वाडा आतून बाहेरून पाहिलाय आणि रात्री उशिरा शिवाजी रस्त्याने त्याच्या तटाजवळून पुष्कळदा चालत गेलोय. मी आवाज ऐकलेला नाही. माझ्या ओळखीतही 'मी स्वतः ऐकला' म्हणणारं कुणी नाही. सांगणाऱ्याने तो नेहमी दुसऱ्याच कुणाकडून ऐकलेला असतो. संध्याकाळी वाडा बंद होतो, त्यामुळे आत रात्र काढून आल्याच्या गोष्टींवर तर मुळीच विश्वास ठेवू नका.

पण नुसतं 'भूतबित काही नसतं' म्हणून हा विषय सोडावा असं मला वाटत नाही, कारण ज्याच्या नावाने ही गोष्ट सांगतात तो खरा होता आणि त्याच्यावर जे गुदरलं तेही खरं आहे.

नारायणराव पेशव्यांचा जन्म 10 ऑगस्ट 1755चा. थोरले भाऊ विश्वासराव पानिपतावर गेले, मधले माधवराव 1772च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने गेले आणि पेशवाईची वस्त्रं या धाकट्याच्या अंगावर आली. काका रघुनाथराव याच वाड्यात नजरकैदेत होते. 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, गारदी, म्हणजे पहाऱ्यासाठी ठेवलेले भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले. निमित्त थकलेल्या पगाराचं. नारायणराव धावत काकांच्या दालनात गेले, त्यांना मिठी मारली, आणि तिथेच त्यांना तोडलं. नुकतीच अठरा पूर्ण झाली होती.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या: हे सगळं दुपारी घडलं. माणसांनी भरलेल्या वाड्यात, पहारे जागेवर असताना. त्यामुळे मध्यरात्र, चांदणं, सामसूम हा सगळा साज मला खोटा वाटतो. त्याने भीतीची दिशाच चुकते. अंधाराला घाबरायचं कारण नव्हतं. पहाऱ्यासाठी ठेवलेले लोकच हत्यारं घेऊन आले होते आणि ज्याच्याकडे धाव घेतली तो घरचाच माणूस होता. मुलांना सांगायचंच असेल तर हे सांगा.

आणि चाफाजी टिळेकरांचं नाव सांगा. हे नारायणरावांचे सेवक. धन्याला वाचवायला त्यांनी स्वतःला अंगावर झोकून दिलं आणि तेही मारले गेले. त्या दुपारी वाड्यातल्या दासीसुद्धा मेल्या. त्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात असं मात्र कुणी म्हणत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

'धरावे'चं 'मारावे' केलं ती 'ध'चा 'मा'ची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण सगळं खापर रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंवर फोडून मोकळं होऊ नका. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली ती रघुनाथरावांची, आणि ते सत्तेवर असताना त्यांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. त्या काळात हे बोलायला काय छाती लागली असेल!

प्रत्यक्ष वाड्यात काय दिसेल ते सांगतो, म्हणजे मुलांची निराशा होणार नाही. मोडक्या खिडक्या, करकरणारे जिने असलं काही नाही. पहिल्या बाजीरावांनी 1730मध्ये पाया घातला, 1732मध्ये वास्तुशांत झाली. पुढे मजले चढत गेले, पण ते लाकडाचे. 27 फेब्रुवारी 1828ला आग लागली, ती आठवडाभर धुमसत होती. उरला तो तट, दरवाजे, जोती आणि मधे हिरवळ. ज्या दालनात खून झाला ते आज नाहीच. गाईड म्हणवणारा कुणी 'हीच ती खोली' म्हणाला तर सरळ पुढे चला.

दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे पाहा, हत्तीने धडक देऊ नये म्हणून लावलेले. वर नगारखान्यात चढा. मग हजारी कारंजं. ते सवाई माधवरावांसाठी केलेलं, म्हणजे नारायणरावांच्याच मुलासाठी. बापाचा खून झाला तेव्हा हे मूल आईच्या, गंगाबाईंच्या, पोटात होतं. 18 एप्रिल 1774ला पुरंदरावर जन्म, चाळीस दिवसांचं असताना पेशवेपद, आणि 1795च्या ऑक्टोबरात याच वाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून अंत, वयाच्या एकविसाव्या वर्षी. तोल गेला की उडी घेतली, यावर अजून वाद आहे. बापलेक दोघेही ऐन तारुण्यात एकाच वास्तूत गेले, तेव्हा लोकांच्या मनात काही बसलं असेल तर त्यांना हसू नये असं मला वाटतं.

दक्षिणेकडचा नारायण दरवाजा चुकवू नका. बहुतेक लोक हिरवळीवर फोटो काढून परत फिरतात. नारायणरावांचा देह इथून बाहेर नेला असं सांगतात, नाव त्यावरूनच पडलं. आधी तो जांभूळ दरवाजा होता.

सकाळी उघडताच जा, दुपारी जोत्यांवर सावली मिळत नाही. सुट्टीचा दिवस टाळता आला तर बरं. वाडा पाहून झाला की समोरचा लाल महाल आणि कसबा गणपती चालत होतात, गाडी हलवू नका. त्या भागात पुन्हा पार्किंग मिळणं कठीण. मुलं लहान असतील तर खुनाचा तपशील घरीच, आधी, हळूहळू सांगा, आणि त्यांनी प्रश्न विचारले तर टाळू नका.