‘मी येतो’ म्हणणाऱ्या मुलीचं पत्र

या महिन्यात दोन पत्रं घेतली आहेत. एक चार ओळींचं, एक चार पानांचं. चार ओळींचं आधी उरकते.

प्रश्न : वय 56, राज्य सरकारी नोकरी. दर तीन आठवड्यांनी केस काळे करतो. वर्षभर डोक्याला खाज सुटते आहे, हल्ली दुसऱ्या दिवशी पापण्याही सुजतात. बायको म्हणते, सोडा आता. पण निवृत्तीला दोन वर्षं असताना एकदम पांढरं डोकं घेऊन ऑफिसात गेलो तर म्हातारा म्हणून बाजूला सारतील, ही धास्ती वाटते. डायऐवजी काळी मेंदी लावू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : पापण्या सुजतात म्हणजे हा विषय आता केसांपुरता राहिलेला नाही. डाय आजपासून बंद, आणि या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. काळ्या डायमध्ये बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की पुढच्या खेपेला त्रास जास्त होऊ शकतो. ‘काळी मेंदी’ म्हणून जे मिळतं त्यातही बरेचदा तेच कालवलेलं असतं. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस, काळा नव्हे. कानामागे थेंब लावून बघायचे प्रयोगही घरी करू नका. राहता राहिलं म्हातारा म्हणण्याचं. म्हणतील की! पहिल्या सोमवारी सगळे म्हणतील, दुसऱ्या सोमवारी दोघं-तिघं. मग बदल्यांची यादी लागेल आणि तुमच्या डोक्याकडे बघायला कुणाला सवड उरणार नाही. आमच्या घरी हे नाटक होऊन गेलं आहे, म्हणून खात्रीने सांगते.

आता दुसरं पत्र. थोडं कापून देते आहे.

प्रश्न : बाई, हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली, कारण त्यांत ‘लई’ आणि ‘हिकडं’ आलं होतं. यावरूनच काय ते समजा.

वय 34. माहेर गडहिंग्लज तालुक्यातलं. 2014 पासून पुण्यात, एका विमा कंपनीत दावे तपासते. आज माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी साहेबांना म्हणाले, ‘मी करतो की सर, संध्याकाळपर्यंत देतो.’ मागून कुणीतरी विचारलं, ‘करतो? कोण करतो?’ सगळे हसले. पुढे वर्षभर माझं नाव ‘दादा’ पडलं. दुष्टपणा नव्हता त्यात. पण त्या दिवसापासून तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात एकदा म्हणून बघायची सवय लागली, ती आजपर्यंत.

हल्ली फार थकवा येतो. सोमवारी दोन मीटिंगा झाल्या की जबडा ठणकतो, घरी येऊन कुकर लावायचं त्राण नसतं. शनिवारी मात्र अख्खं घर धुऊन काढते, काही होत नाही. बढती मिळाली तेव्हा वाटलं, चुकून मिळाली. कुणीतरी एक दिवस फाइल उघडून म्हणेल, ही इथे कशी? गावी गेले तर भावजय म्हणते, ‘आली बघा पुण्याची म्याडम.’ म्हणजे तिकडचीही नाही आणि इकडचीही नाही.

मागच्या महिन्यात कागलकडच्या एका शेतकऱ्याची गाय दगावली. दावा अडकला होता, कारण गायीच्या कानातला बिल्ला सापडत नव्हता. दोघं जण त्यांच्याशी बोलून थकले. मी फोन घेतला आणि कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, ‘मामा, बिल्ला कवा पडला म्हणायचा?’ चाळीस मिनिटं बोललो. बिल्ल्यासकट काढलेला गायीचा फोटो पुतण्याच्या मोबाइलमध्ये आहे, हे त्यांना बोलता बोलता आठवलं. दावा मार्गी लागला. त्या दिवशी घरी जाऊन मी तांबडा रस्सा केला.

आणि परवा. माझी चार वर्षांची मुलगी सुट्टीत आजीकडे राहून आली आहे. दारातून ओरडली, ‘आई, मी येतो खेळून!’ मी अशी काही खेकसले तिच्यावर, ‘येते म्हण!’ ती रडली. मग मीही रडले. क्लास लावू का बोलण्याचा, की डॉक्टरकडे जाऊ? – गडहिंग्लजची एक

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते. माझी धाकटी तुझ्याएवढी आहे.

आधी डॉक्टर. मनाचा नव्हे, साधा. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 तपासून घे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या आपल्या देशातल्या 57 टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं होतं. तेव्हा रक्त न तपासता मनावर खापर फोडायचं नाही. हिमोग्लोबिन 12च्या खाली आलं तर आधी त्याचा बंदोबस्त. पण शनिवारी घर धुणारी आणि सोमवारी खुर्चीत बसून दमणारी बाई एकच असेल, तर सगळा दोष रक्तावर ढकलता येणार नाही.

आता माझी हकीकत ऐक.

मी अकोटची. अकोला जिल्हा, पक्की वऱ्हाडी. 1981 साली पुण्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. सहावीच्या वर्गात पहिल्याच दिवशी गोंगाट चालला होता, मी आत शिरता शिरता म्हणाले, ‘काय करून राहिले रे तुम्ही?’ मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘बाई, कुठे राहिले?’

आज मला हसू येतं. उत्तर झकासच होतं पोराचं. तेव्हा मात्र कानांतून वाफा निघाल्या. मराठीच्या बाईलाच मराठी येत नाही, असं शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, आणि ते मला ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणालं. त्या रात्री मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे माझे शब्द, उजवीकडे त्यांचे. मले – मला. काऊन – का. पोट्टे – मुलं. रोज न्हाणीघरात उजवा रकाना घोकायचा. दिवाळीपर्यंत मी बिनचूक बोलायला लागले आणि माझा घसा बसला. डॉक्टरांनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या. शिक्षकांचे घसे बसतातच, म्हणून मीही फार विचार केला नाही.

त्या हिवाळ्यात घरी ट्रंक कॉल लावला. आमच्या घरी फोन नव्हता, समोरच्या अडत्याच्या दुकानात आईला बोलावून आणायचे. तीन मिनिटांचे पैसे. मी म्हणाले, ‘आई, कशी आहेस? मी मजेत आहे, काळजी करू नकोस.’ पलीकडे नुसती शांतता. पैसे चाललेत, आणि ही बोलत नाही. मग हलक्या आवाजात म्हणाली, ‘काऊन वं, बरं नाही का तुले?’

तिला वाटलं, मी आजारी आहे. मी जन्मात पहिल्यांदा तिच्याशी शुद्ध बोलले होते.

त्यानंतर मी बदलले वगैरे समजू नकोस. आणखी दोन वर्षं घोकलं. मग पाठ्यपुस्तकात बहिणाबाई चौधरींची कविता शिकवायला आली. बहिणाबाई 1880च्या, जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर ओव्या रचायच्या, 1951ला त्या गेल्या आणि दुसऱ्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या कवितांचं पुस्तक निघालं. खानदेशी बोली आणि माझी वऱ्हाडी एक नव्हे, पण त्यांचं ‘त्याले’ आणि माझं ‘मले’ सख्ख्या बहिणी. ते वाचायला मला उजवा रकाना लागला नाही. दोन तास सलग वाचलं. पोरं हसली का? हसलीच. हसायची ती हसतातच. पण पाचव्या तासाला माझा घसा शाबूत होता, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की घसा बोलण्याने बसत नव्हता, पहारा देण्याने बसत होता. (जळगावच्या विद्यापीठाला आता बहिणाबाईंचं नाव आहे. ‘मले’ म्हणणारी पोरगी मात्र वर्गात उठून बोलली की आजही हशा पिकतो. कोणाला सांगायचं!)

तुझ्या जबड्याचं तेच आहे. वाक्य मनात एकदा म्हणायचं, तपासायचं, मग तोंडाने म्हणायचं, मग कुणी हसलं का ते बघायचं. एका वाक्याला चार हेलपाटे. मीटिंगमध्ये दोनशे वाक्यं झाली तर हिशेब तूच कर, दावे तपासणारी आहेस.

आणि ‘मी करतो’ ही चूक आहे असं तुला कोणी सांगितलं? कोल्हापूर भागात बायका पिढ्यान् पिढ्या तसंच बोलतात. तुमच्या तालुक्याला लागून कानडी मुलूख. कानडीत ‘मी येतो’ला बाई आणि बुवा दोघंही ‘नानु बरुत्तेने’च म्हणतात, ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नाही. ते राहू दे. पुण्याचीच मराठी घे. ‘आम्ही आलो’, बायकाही म्हणतात, पुरुषही. ‘मी उद्या येईन’, दोघंही. म्हणजे उद्या येताना स्त्री-पुरुष एक, आणि आज येताना वेगळे! मी 31 वर्षं व्याकरण शिकवलं, या गमतीवर एकाही पोराने मला अडवलं नाही याचं दुःख आहे. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, त्याच्या कितीतरी आधीपासून बायका आणि बुवे आपापल्या गावी नीट बोलत होते. आणि 1962पासूनचे साहित्य महामंडळाचे ते शुद्धलेखनाचे नियम, ज्यांच्या धाकाने तू दोन पत्रं फाडलीस, ते लेखनाचे आहेत. जिभेला लागू नाहीत.

आता काय करायचं. ‘जशी आहेस तशी राहा’ हा सल्ला मी देत नाही. तो देणाऱ्याला बहुतेक वेळा हसणाऱ्यांसमोर बसायचं नसतं. उद्या ऑफिसात जाऊन बंड करायची गरज नाही. प्रमाण मराठी शिकलीस हे वाया गेलेलं नाही. अहवाल, ईमेल, वरिष्ठांपुढचं सादरीकरण तिच्यातच कर, मीही हा मजकूर तिच्यातच लिहिते आहे. दोन भाषा येणं म्हणजे लबाडी नव्हे. दमवते ती पहिली लपवण्याची धडपड, दुसरी बोलणं नाही. क्लास लावलास तर पहाऱ्याला आणखी एक शिपाई मिळेल, एवढंच.

म्हणून सुरुवात अशा जागी कर जिथे हरण्यासारखं काही नाही. कागलच्या मामांसारखे जे फोन येतात, ते महिनाभर मुद्दाम तू घे. तुझ्या अकरा जणांत बार्शीचा, बीडचा, सावंतवाडीचा कुणी असेलच, आणि तोही मनातल्या मनात रकाने आखत असेल. त्याच्याशी चहाच्या वेळी ‘मी बघतो की’ म्हणून टाक. कुणी ‘दादा’ म्हटलं तर ‘बोल भावा’ म्हण. संध्याकाळी कुकर लावायचं त्राण उरलं की नाही, एवढीच नोंद ठेव. बाकी काही लिहायचं नाही.

बढतीबद्दल एकच. तुझी शंका मुळात बोलण्याबद्दलची होती, ती तू गेली कित्येक वर्षं कामालाही लागू करते आहेस. त्या गायीचा दावा सोडवताना तुला काय काय ठाऊक होतं ते बघ. बिल्ल्याशिवाय दावा अडतो हे ठाऊक होतं, पुराव्यासाठी बिल्ल्यासकटचा फोटो शोधायचा हे ठाऊक होतं, आणि घाबरलेल्या माणसाला दटावून काही आठवत नाही, हेही. यातलं चुकून काय मिळालं? आधीच्या दोघांना नियम माहीत होते. मामांना बोलतं करणं जमलं नाही त्यांना.

भावजयीचं सोडून दे. ती म्हणणार. मीही अकोटला गेले की चुलतभाऊ ‘पुण्याच्या बाई आल्या’ म्हणतो आणि मग माझ्या हातचे पाटोडी-रस्स्याचे तीन वाडगे संपवतो.

लेकीपाशी मात्र आज जा. चार वर्षांच्या मुलीला समजावून सांगायला बसू नकोस, माफीचं भाषण नको. तिला आजीच्या घरात जे ‘येतो’ सापडलं, ते तुझंच आहे, तू दारात ठेवून आली होतीस. पुढच्या वेळी ती चपला घालता घालता ‘आई, मी येतो’ म्हणाली, की तू म्हणायचं, ‘ये.’