‘हायड्रॉक्सीयुरिया’ला मराठी नाव हवं का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका आशाताईंचा प्रश्न आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना डॉक्टर ‘हायड्रॉक्सीयुरिया’ लिहून देतात, पण नाव ऐकलं की आईबाप बिचकतात. एका बापानं त्यांना सरळ विचारलं, “युरिया त धानाले टाकतो ना जी आमी, तो पोराले कसा देवाचा?” ताईंना हवं आहे ते एवढंच: या औषधाला मराठी शब्द आहे का, आणि नसेल तर काय म्हणावं?

रुळलेला मराठी शब्द नाही, आणि माझ्या मते नवा घडवूही नये. बोलताना ‘सिकलसेलची कॅप्सूल’ म्हणावं, कागदावर ‘हायड्रॉक्सीयुरिया’ पूर्ण लिहावं. ‘युरियाची गोळी’ मात्र कोणीच म्हणू नये, दवाखान्यातल्या माणसांनी तर मुळीच नाही.

त्या बापाच्या प्रश्नाला अडाणीपणा समजू नका. युरिया हा शब्द त्याला शब्दकोशापेक्षा जास्त चांगला ठाऊक आहे. रोवणं झालं की बांधीत पडतो तो युरिया, ४६ टक्के नत्राचा. धानाचं तणस जनावरांसाठी कसदार करायचं तर शंभर किलो तणसाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि ढीग एकवीस दिवस झाकून ठेवतात. हे करणाऱ्याला हेही माहीत असतं की युरियाचं पाणी बैल भसाभस प्यायला तर पोटात अमोनिया होऊन तो दगावतो. तिसरी ओळख रक्ताच्या रिपोर्टातली. ‘युरिया वाढला’ म्हणजे किडनीचं काहीतरी बिघडलं, हे आता खेड्यापाड्यात कळतं. अकोला-बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे आणि किडनीचे आजार ओळखीचे आहेत तिथे, तर जास्तच. म्हणजे खत, जनावराला होणारी विषबाधा आणि किडनी, या तिन्ही आठवणी ज्या शब्दाला चिकटल्या आहेत तो लेकराच्या औषधाच्या नावात ऐकून कोणता बाप निश्चिंत राहील?

बॅगेतला युरिया आणि रिपोर्टातला युरिया हा एकच पदार्थ आहे. मूळ शब्द लघवीच्या ग्रीक नावावरून आला, कारण पदार्थ आधी तिथेच सापडला. आपलं यकृत तो रोज तयार करतं आणि किडनी तो बाहेर टाकते. १८२८ मध्ये फ्रीडरिश वोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं तो प्रयोगशाळेत बनवला, पुढे कारखाने आले आणि खत झालं.

हायड्रॉक्सीयुरिया हा मात्र वेगळा पदार्थ. युरियाच्या रेणूत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन असतात. त्यातला नायट्रोजनला चिकटलेला एक हायड्रोजन काढून तिथे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवली की हायड्रॉक्सीयुरिया होतो. ‘हायड्रॉक्सी’ हे त्याच जोडीचं नाव. फरक एका ऑक्सिजनचा, पण गुणधर्म पार निराळे. रसायनशास्त्रातलं नाव रेणूची बांधणी सांगतं. औषधात काय मिसळलंय ते सांगत नाही. नेमका इथेच घोटाळा होतो, कारण मराठीत ‘तूपरोटी’ म्हटलं की रोटीवर तूप असतंच. ‘हायड्रॉक्सीयुरिया’ ऐकणारा माणूसही तसाच अर्थ लावतो: युरिया, आणि त्यात आणखी काहीतरी.

हा पदार्थ १८६९ पासून माहीत आहे. औषध म्हणून आधी तो रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरला गेला (काही माहितीपत्रकांवर अजून तेच ठळक असतं, आणि वाचता येणाऱ्या घरात त्याची वेगळी धास्ती बसते). सिकलसेलसाठी निर्णायक ठरला तो अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास: अंग ठणकण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. १९९८ मध्ये तिथे प्रौढांसाठी मान्यता मिळाली, मुलांसाठी २०१७ मध्ये. २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला. मलेरियाच्या मुलखातही औषध देता येतं आणि उपयोगी पडतं, हे त्यातून दिसलं. गडचिरोली-चंद्रपूरच्या दृष्टीनं मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नागपूरच्या डॉक्टरांचा २०१२ मधला अभ्यासही आहे: वजनाच्या किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेवरही आपल्याकडच्या मुलांना चांगला गुण आला.

गुण येतो तो असा. जन्माआधी बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन असतं आणि जन्मानंतर ते ओसरतं. हे औषध त्याचं प्रमाण पुन्हा वाढवतं, त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचं प्रमाण कमी होतं. जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळाली खरी, पण त्याचा खर्च आपल्या गावांच्या आवाक्यात नाही. आज ब्रह्मपुरीतल्या लेकराच्या हाती येऊ शकते ती हीच कॅप्सूल, आणि ती केवळ नावामुळे फडताळात पडून राहत असेल तर तो भाषेचा प्रश्न आहे आणि तो सोडवायलाच हवा.

मग संस्कृतातून एखादं नाव का घडवू नये? कारण दुकानदार पाकिटावरचं नाव वाचून औषध देतो. घडवलेला शब्द पाकिटावर नसणार, आणि औषधाच्या नावात गोंधळ म्हणजे भलतंच औषध पोटात. याच रसायनाला ‘हायड्रॉक्सीकार्बामाइड’ असं दुसरं आंतरराष्ट्रीय नाव आहे. ‘कार्बामाइड’ म्हणजे युरियाच, पण कानाला खत वाटत नाही. ते आपल्याकडे आधीच रुळलं असतं तर बरं झालं असतं. आता पाकिटावर ‘हायड्रॉक्सीयुरिया’ असताना तोंडी दुसरंच नाव सांगणं धोक्याचं.

काही जण आखडून ‘हायड्रॉक्सी’ म्हणतील. तेही नको. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन नावाचं औषध २०२० मध्ये कोरोनाच्या बातम्यांतून घरोघरी पोचलं, आणि गडचिरोलीकडे मलेरियामुळे क्लोरोक्विन आधीपासून ओळखीचं. तिथे नुसतं ‘हायड्रॉक्सी’ म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या औषधांना एकच हाक मारणं.

आपल्याकडे औषधाला रोगाच्या नावानं ओळखायची चांगली रीत आहे: बीपीची गोळी, शुगरची गोळी, थायरॉइडची गोळी. त्याच चालीवर ‘सिकलसेलची गोळी’ सहज जमेल, पण सिकलसेलच्या रुग्णाला बहुधा फॉलिक ॲसिडची लहान पिवळी गोळीही असते. म्हणून ‘कॅप्सूल’ हा शब्द कामाचा. हे औषध आपल्याकडे बहुतेक वेळा कॅप्सूलमध्येच येतं, त्यामुळे ‘सिकलसेलची कॅप्सूल’ म्हटलं की दोन्ही वेगळ्या राहतात. लहान मुलाला औषध दुसऱ्या रूपात दिलं असेल तर ‘सिकलसेलचं रोजचं औषध’ म्हणावं. आणि त्या बापाला सांगायचं तर त्याच्याच बोलीत: “नाव मिळतंजुळतं आहे जी, वस्तू दुसरी आहे. खताचा युरिया याच्यात नाही.”

लेखनाबद्दलही त्यांनी विचारलंय. ‘हायड्रॉक्सी’ची क्सी दीर्घ आणि पुढचा ‘यु’ ऱ्हस्व, सगळं जोडून: हायड्रॉक्सीयुरिया. मध्ये जागा सोडली की ‘युरिया’ सुटा दिसतो आणि पुन्हा तीच भीती, म्हणून जोडूनच लिहावं.

भीती चुकीच्या जागी असली तरी काळजी घ्यायलाच हवी. हे औषध पांढऱ्या पेशी कमी करू शकतं, म्हणून ठरावीक काळानं रक्ततपासणी लागते. किडनी अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावं लागतं. नावातलं साम्य खरोखर आडवं येतं ते एकाच ठिकाणी, प्रयोगशाळेत. रक्तातला युरिया मोजायला युरिएज नावाचं एन्झाइम वापरतात, आणि हे औषध त्या एन्झाइमच्या कामात ढवळाढवळ करून आकडा खोटाच वाढलेला दाखवू शकतं. रिपोर्टात युरिया जास्त दिसला म्हणून घरच्यांनी कॅप्सूल आपणहून थांबवू नये. रक्त देतानाच ‘सिकलसेलची कॅप्सूल सुरू आहे’ असं सांगावं आणि पाकीट सोबत न्यावं.