डॅशबोर्ड 'संरेखित' करायचा की 'लाइनीत घ्यायचा'?

प्रश्न असा आहे : कोल्हापुरात जुन्या फियाट आणि अँबॅसडर गाड्या मूळ रूपात आणणाऱ्या एका गॅरेजसाठी मराठीत कामाची टिपणं लिहायची आहेत. इंग्रजी पुस्तिकेत डॅशबोर्डच्या भागांबद्दल 'फिट' आणि 'अलाइन' हे दोन शब्द सारखे येतात. कोशात 'अलाइन'ला 'संरेखित करणे' सापडतं. तिथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतले मिस्त्री मात्र कधी 'लाइनीत घे' म्हणतात, कधी 'लेव्हलला घे', कधी 'सेंटरला घे'. टिपणात काय लिहावं? आणि 'फट' व 'गॅप' यांत फरक काय?

मिस्त्रींचं लिहावं. ते वेगवेगळे शब्द वापरतात, कारण ती कामंच वेगवेगळी आहेत. 'संरेखन' हा शब्द चुकीचा नाही. रस्ता किंवा लोहमार्ग कुठून कसा न्यायचा ते ठरवताना तो चपखल बसतो, कारण तिथे खरोखर एक रेषाच आखायची असते. डॅशबोर्डपाशी रेषा ही पाहायच्या गोष्टींपैकी फक्त एक. ग्लोव्ह बॉक्सचं, म्हणजे डॅशबोर्डमधल्या कप्प्याचं, 'झाकण संरेखित करा' असं वाचल्यावर ते वर उचलायचं, बाजूला सरकवायचं की आत ढकलायचं, हे कळत नाही. ज्या सूचनेवरून हात कुठे न्यायचा ते कळत नाही, ती सूचना अपुरी.

आधी 'फिट'चं पाहू, कारण मराठीत तिथेच दोन क्रियापदं आहेत आणि टिपणात त्यांची गल्लत होते. 'लावणे' म्हणजे स्क्रूनं जोडणे. 'बसवणे' म्हणजे त्या भागाला त्याच्या जागी नीट टेकवणे. मीटरचा सांगाडा चारही स्क्रू मारून लावलेला असतो, पण बसलेला नसतो, असं वारंवार होतं. 'बसीवलंय, पर बसलं न्हाई' हे कोल्हापुरी वाक्य म्हणूनच अगदी नेमकं आहे : करणाऱ्यानं आपलं काम केलं, वस्तूनं जागा घेतली नाही. टिपणात 'बसवा' लिहिल्यावर लगेच 'बसला का पाहा' असंही लिहावं.

न बसण्याची कारणं बहुधा मागच्या बाजूला असतात. वायरिंगचा जुडगा सांगाडा आणि पत्रा यांच्यामध्ये सापडतो. स्पीडोमीटरची केबल आखूड वळण घेऊन मीटरला पुढे रेटते (अशा वळणामुळे गाडी चालताना काटाही थरथरतो). नव्या रंगाचा थर भोकाच्या कडेला जाड राहतो. अशा वेळी स्क्रू आवळून भाग ओढून घेतला की प्लॅस्टिक भोकापाशी तडकतं. तेव्हा टिपणातला क्रम असा हवा : बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, वायरिंग पत्र्याच्या कडेपासून बाजूला बांधा, केबलला मोठी गोलाई द्या, भाग हातानं दाबून बघा. हातानं टेकत नसेल तर स्क्रूनं टेकवू नका.

स्क्रूसाठी गॅरेजमध्ये एक फार चांगला शब्द आहे : 'धरणे'. 'स्क्रूनं आटे धरले' म्हणजे तो दोन-तीन फेरे आत गेला, पण आवळला नाही. इंग्रजी पुस्तिका जिथे सैल जोडून ठेवायला सांगते, तिथे 'सगळे स्क्रू धरवून ठेवा' असं लिहावं. 'सैल ठेवा' लिहिलं तर अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. पत्र्यात स्वतःच आटे पाडत जाणारा स्क्रू जुन्याच भोकात घालताना आधी उलटा फिरवायचा. आटा आट्यात पडला की बोटाला बारीकसा टक् लागतो. मग सुलटा फिरवायचा. हे न केल्यास तो दुसरे आटे पाडतो, आणि दोन-तीनदा असं झालं की 'आटे गेले'. मग जाड स्क्रू मारावा लागतो, तो मूळ गाडीला शोभत नाही. स्क्रूची लांबीही बघावी : आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर मागची वायर सोलतो.

आता 'अलाइन'. सगळे भाग धरवून ठेवल्यावर मगच हे काम सुरू होतं, आणि त्याच्या पोटात निदान चार कामं आहेत.

'सेंटरला घेणे', मराठीत 'मध्यावर घेणे' : भाग डावी-उजवीकडे सरकवणे. इथून सुरुवात करायची, कारण एका टोकापासून सुरुवात केली तर सगळी चूक दुसऱ्या टोकाला साठते. 'लाइनीत घेणे', म्हणजे एका रेषेत आणणे : शेजारशेजारच्या दोन भागांची वरची कड सलग दिसली पाहिजे, सुतासारखी सरळ. 'लेव्हलला घेणे' हा शब्द मात्र दोन अर्थांनी वापरला जातो आणि टिपणात ते वेगळे करावेत. आडवी पातळी म्हणायची असेल तर 'पातळीत'. झाकणाचा पृष्ठभाग शेजारच्या पत्र्याच्या पुढे किंवा मागे राहू नये असं म्हणायचं असेल तर 'सपाटीला घेणे' : बोट फिरवलं तर कड लागता कामा नये. आणि पातळीसाठी पाणसळ लावू नका. गॅरेजची फरशी उताराची असते. डॅशबोर्डची पातळी गाडीच्याच काचेखालच्या कडेशी ताडून बघायची.

चौथं 'जुळवणे'. याला दुसरा भाग लागतोच : कशाशी जुळवायचं ते वाक्यात आलंच पाहिजे. 'ग्लोव्ह बॉक्सचं झाकण जुळवा' हे वाक्य अपुरं. 'झाकणाची कड मीटरच्या पट्टीशी जुळवा' हे पुरं.

ग्लोव्ह बॉक्सचं झाकण इथे जास्त वेळ खातं, म्हणून त्याची वाक्यं नमुन्यादाखल देतो. 'आधी खिट्टी काढून ठेवा. बिजागरीचे स्क्रू धरवा. झाकण मध्यावर घ्या, मग सपाटीला घ्या. मागे राहत असेल तर बिजागरीखाली वायसर (वॉशर) घाला. दोन्ही बाजूंचा गॅप सारखा झाल्यावर बिजागरी आवळा. शेवटी खिट्टी लावा.' खिट्टी आधी लावली तर ती झाकणाला आपल्याकडे ओढते. बंद झाकण बरोबर दिसतं आणि उघडलं की एका बाजूला लोंबतं. म्हणून खिट्टी आधी काढून शेवटी लावायची सूचना गाळू नये.

'फट' आणि 'गॅप' यांतला फरकही विचारला आहे. 'फट' शब्दात तक्रार आहे : नको तिथे पडलेली. मुद्दाम राखलेल्या जागेला गॅरेजमध्ये 'गॅप' म्हणतात आणि टिपणात तोच राहू द्यावा. हवं तर 'अंतर'. माप सांगताना 'सूत' वापरायला काहीच हरकत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. सुतार आणि लेथवाले दोघेही ते वापरतात. 'चारही बाजूंनी एक सूत गॅप' हे वाक्य उद्यमनगरात कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. तेवढ्या जाडीचा पुठ्ठ्याचा तुकडा कडेत सरकवून बघितला की मोजपट्टीही लागत नाही. रंगाच्या कडेला आधी कागदी चिकटपट्टी लावावी, नाहीतर पुठ्ठा सरकवतानाच ओरखडा पडतो.

एका शब्दाची मात्र मी आग्रहानं शिफारस करेन : 'पीळ'. डावीकडचा गॅप वर रुंद आणि उजवीकडचा खाली रुंद दिसला, तर मिस्त्री म्हणतात 'पीळ हाय'. फियाट काय, अँबॅसडर काय, दोन्ही गाड्यांना वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, भार बॉडीच घेते. एका कोपऱ्याला जॅक लावून गाडी उचललेली असेल तर बॉडीला किंचित पीळ बसू शकतो आणि त्या अवस्थेत जुळवलेली झाकणं-पट्ट्या गाडी खाली सोडल्यावर अडकतात. म्हणून पहिलीच सूचना : 'गाडी चारही चाकांवर उभी असू द्या.' पुस्तिकेतल्या 'ट्विस्ट'ला 'पीळ' आणि 'वार्प'ला 'बाक' असे दोन शब्द ठेवावेत. उन्हानं वरच्या रेक्झिनच्या पॅडला येतो तो बाक. त्याला वायसर घालून उपयोग नाही, पॅडच सरळ करावा लागतो किंवा बदलावा लागतो.

'टाइट करा'ला 'आवळा' पुरेसं आहे, पण क्रम लिहा : मधले स्क्रू आधी, टोकाचे शेवटी, एका दमात कुठलाच पूर्ण नाही. प्लॅस्टिकवर 'टेकेपर्यंत आवळा' लिहावं, 'घट्ट आवळा' नाही.

विजेच्या जोडणीतला 'अर्थ' (इंग्रजी earth) हा शब्द तसाच ठेवा. 'भूसंपर्कन' लिहून कुणाला काही कळणार नाही. पण मुद्दा जरूर लिहा : अशा गाड्यांत मीटरना अर्थ बहुधा पत्र्यातूनच मिळतो आणि ताज्या रंगावर बसवलेल्या मीटरला तो मिळत नाही. पेट्रोलचा काटा मग चुकीचं दाखवतो किंवा आतला दिवा लागत नाही. वाक्य असं : 'एका स्क्रूखालचा रंग वायसरएवढा खरवडून पत्रा उघडा करा, मग मीटर बसवा.'