जिन्नाला उद्याचं माहीत नसतं

प्रश्न : आदरणीय ताई, मी जुन्या नाशकात वाढले. मुघल अमलात आपलं शहर गुलशनाबाद म्हणून ओळखलं जायचं. त्या काळावर मी मराठीत एक अद्भुत कादंबरी लिहितेय. नायिका दफ्तरातल्या कारकुनाची मुलगी आहे आणि गोदाकाठच्या गढीत एक जिन्न राहतो. अडचणी तीन. अम्मी म्हणते, जिन्नांवर गोष्टी रचणं गुनाह आहे. मैत्रिणी म्हणतात, मराठी वाचकाला पानोपानी तळटीपा द्याव्या लागतील. आणि माझा जिन्न सगळंच करू शकतो, त्यामुळे गोष्ट पुढे सरकत नाही. पहिली काही पानं सोबत पाठवतेय.
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : तुझी पानं मी दोनदा वाचली. मुलगी फार जिवंत उतरली आहे. जिन्न मात्र अजून उपरा वाटतो, म्हणून शेवटच्या अडचणीपासून सुरुवात करते.

तो सगळं करू शकतो, कारण तू त्याला सिनेमातल्या दिव्यातून उचललंस. आपल्या घरांत ज्याचं नाव हळू आवाजात घेतात तो जिन्न वेगळा. कुरआनात त्याच्याबद्दल स्पष्ट सांगितलंय. तो बिनधुराच्या आगीपासून घडला, माणसाच्याही आधी घडला. त्यांच्यातही ईमान आणणारे आहेत, नाकारणारे आहेत, आणि कयामतीला हिशेब त्यांनाही चुकत नाही. म्हणजे तो कुणाच्या हुकमाचा ताबेदार नाही. त्याला स्वतःची निवड आहे आणि त्या निवडीची भीतीही आहे.

सूरह सबामधला प्रसंग तुला लहानपणी कुणीतरी सांगितला असेल. हजरत सुलैमान हे पैगंबर, त्यांच्यासाठी जिन्न राबायचे. ते काठीला टेकून उभे असतानाच वारले. जिन्नांना पत्ताच नाही, ते समोर राबत राहिले. जमिनीतल्या किड्याने काठी पोखरली, देह खाली आला, तेव्हा कुठे त्यांना कळलं. गैब, म्हणजे नजरेआडचं, ठाऊक असतं तर त्या कष्टांत ते कशाला राहिले असते? तेव्हा तुझा जिन्न ‘परवा फौज येणार’ असं नायिकेला सांगतो, ते वाक्य काढून टाक. मागचं त्याला हवं तेवढं माहीत असू दे. नाशकात 1950-51 साली पुरातत्त्वज्ञ संकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळाचे आणि त्याच्याही आधीचे थर निघाले. तुझ्या गढीतल्या जिन्नाने ते थर एकावर एक चढताना पाहिले असतील. ती मुलगी उभी आहे तिथे खाली कुणाची चूल होती, हे तो सांगेल. तिचा बाप आज संध्याकाळी घरी परतेल का, हे त्याला सांगता येणार नाही. माझ्या मते तुझी कादंबरी इथे आहे.

आता इतिहासाचं. तू 1636 साल निवडलंस, निजामशाही बुडाली ते वर्ष. छान निवड. पण इफ्तारीला चहा आणि बटाट्याची भजी दिलीस, ती त्या काळातल्या घरात कुठून येणार? खजूर ठेव, फळं ठेव, सरबत ठेव. रोजे तू भर उन्हाळ्यात दाखवलेस. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान ऋतूंमधून फिरत राहतो, आणि त्या वर्षी तो फेब्रुवारीत आला होता. दिवस लहान, पहाटे गारठा. सहरीला उठणाऱ्या मुलीच्या अंगावर घोंगडी हवी. आणखी एक : जुम्म्याची रात्र तू शुक्रवारी दिवस मावळल्यावर घातलीस. आपल्याकडे तारीख मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, बदलते, म्हणून ती गुरुवारची रात्र.

बाप कारकून आहे, तर त्याच्या हातून तारखा लिहून घे ना! जुन्या मराठी कागदांत ‘छ’ लिहून पुढे मोहरम, सफर अशी चंद्राची तारीख येते. त्या कागदांतला वर्षाचा आकडा, म्हणजे सुहूर सन, अरबी संख्याशब्दांत लिहीत, त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन निघतो, आणि तो सन सुरू व्हायचा मृगाला! एका ओळीत अरबी आकडे, चांद्र महिना आणि कुणब्याचं नक्षत्र. असा कागद त्या मुलीच्या हातात पडला की गुलशनाबाद आपोआप उभं राहील.

अम्मीची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. तिला अमीर हमजाच्या दास्तानची आठवण करून दे. हमजा म्हणजे पैगंबरांचे चुलते. त्यांच्या नावावर देव, परी, जादूगार यांच्या गोष्टी शतकानुशतकं सांगितल्या गेल्या, आणि अकबराने त्यांची सुमारे 1400 चित्रं काढून घेतली. गोष्टीला गोष्ट म्हणून ओळखणारे लोक आपल्यात नेहमीच होते. एक रेघ मात्र मी स्वतः पाळते : पैगंबरांना पात्र करून त्यांच्या तोंडी माझी वाक्यं घालत नाही. सुलैमानांचा प्रसंग हवा असेल तर दादीच्या तोंडून येऊ दे. अम्मीला लिहिलेलं वाचून दाखव, लपवू नकोस.

तळटीपांचं म्हणशील तर एकही नको. श्रीगोंद्याच्या मुसलमान संतकवी शेख महंमदांनी 17व्या शतकात ‘योगसंग्राम’ ओवीत लिहिला, तेव्हापासून मराठीला या गोष्टींची सवय आहे. आणि रोजच्या जगण्यातलं तर विचारूच नकोस. मगरिबला पोरांना घरात घ्या, भांडी झाका, हे आपल्याकडे हदीसमधून, पैगंबरांच्या वचनांतून आलं. तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर जाऊ नको, हे शेजारच्या वाड्यातही सांगतात. माझी नानी भाताची गरम पेज मोरीत ओतण्याआधी ‘बिस्मिल्लाह’ म्हणायची, मग क्षणभर हात थांबवायची. तिथे कुणी बसलं असेल तर त्याला उठायला वेळ मिळावा म्हणून. हा थांबलेला हात तू नीट लिहिलास तर पंचवटीतल्या वाचकालाही वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. तुझ्या नायिकेला पहिल्या प्रकरणात पेज ओतायला लाव, आणि घाईत ती बिस्मिल्लाह म्हणायची विसरू दे. जिन्न गढीतून घरात येण्याचं कारण तुला अजून सापडलेलं नाही, ते इथे मिळेल.